हवाई अंतर त्यांचं, वाहतूक आमची

प्रति,
मा. साखर आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.

विषय : ‘कार्यक्षेत्र’ या शब्दाचा निदान ऊस बिलापुरता तरी एकच अर्थ ठरवून मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

मी कृष्णाकाठचा. एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात एकतीस वर्षं काढली. चिटबॉय म्हणून, म्हणजे फडात उसाच्या खेपेची चिठ्ठी फाडणारा म्हणून लागलो, गट ऑफिसातून हेडक्लार्क होऊन बाहेर पडलो. हजारो शेतकऱ्यांना उसाच्या बिलाच्या पट्ट्या मी माझ्या हातानं दिल्या. आता माझाच अडीच एकर ऊस त्या कारखान्याला जातो आणि ती पट्टी वाचायची पाळी माझ्यावर आली आहे. टेबलाच्या त्या बाजूला बसून जे कधी खटकलं नाही ते या बाजूनं खटकतं, हे आधी कबूल करतो. नाहीतर कुणी म्हणेल, नोकरीत असताना नाना गप्प का होते. गप्प होतो, खरं आहे.

यंदाच्या पट्टीवर वजन, दर, सोसायटी कपात अशा ओळी आहेत आणि मधे एक ओळ आहे, ‘तो. वा. खर्च, प्र. टन ८७२’. तोडणी आणि वाहतूक. माझा फड, म्हणजे उसाचं रान, कारखान्याच्या गेटपासून साडेपाच किलोमीटरवर आहे. चिमणीवरचा लाल दिवा रात्री अंगणातून दिसतो. बॉयलर पेटला की दुसऱ्या दिवशी दोरीवरच्या धुण्यावर काजळी बसते. आणि माझ्या कारखान्याला गेल्या हंगामात बासष्ट किलोमीटरवरूनही ऊस आला. त्या उसाची कपातही ८७२. कारण कपात सरासरीनं होते.

साहेब, सरासरीबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते कशाची सरासरी काढायची, याबद्दल. त्यासाठी आधी हद्द कुठली हे ठरायला हवं, आणि ती जागोजागी वेगळी आहे.

गट ऑफिसच्या भिंतीवर आमच्याकडे एक नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, कडा उसवलेल्या. त्यावर कार्यक्षेत्रातली गावं हिरव्या शाईनं रंगवलेली. ही उपविधीतली, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांतली हद्द. सहकारी कारखाना नोंदवताना कुठल्या गावांचे शेतकरी सभासद होणार, ते लिहून द्यावं लागतं. एखादं गाव आत की बाहेर, अमका माणूस तिथला रहिवासी धरायचा की नाही, असा वाद निघाला तर तो निबंधकानं सोडवायचा, अशी सोय सहकार कायद्यात १९६० पासून आहे. या हद्दीत माणूस राहिला की त्याला शेअर, मत, सर्वसाधारण सभेत बोलायचा हक्क आणि दिवाळीची साखर. त्या बदल्यात ऊस कारखान्याला घालायचा. नाही घातला तर किमान सेवा घेतली नाही म्हणून ‘क्रियाशील’ सभासदांच्या यादीतून नाव गळायची भीती. ही हद्द सभासदाला नीट बांधते. कारखान्याला किती बांधते, ते पुढे येतंच.

दुसरी हद्द कंपासनं काढलेली. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा. त्यात २००६ मध्ये ६-अ हे कलम घातलं गेलं : जुन्या कारखान्यापासून १५ किलोमीटरच्या आत नवा कारखाना काढायचा नाही, आणि राज्यांना केंद्राच्या परवानगीनं हे अंतर वाढवता येईल. आपल्या राज्यानं ते २५ केलं. हे अंतर हवाई. रस्ता, घाट, नदीवरचा पूल, काही धरायचं नाही. सर्व्हे ऑफ इंडियानं मोजून दाखला द्यायचा. आमच्या शेजारी एक खासगी कारखाना यायचं घाटत होतं तेव्हा आम्ही क्लार्क मंडळींनी हौसेनं त्या कापडी नकाशावर कंपास टेकवला होता. नकाशाचं प्रमाण काय हे कुणी बघितलंच नाही, म्हणून आमचं वर्तुळ थेट दुसऱ्या जिल्ह्यात गेलं आणि शेतकी अधिकाऱ्यांनी कंपास काढून घेतला.

पण ते २५ किलोमीटर नीट समजून घेतले तर मजा आहे. दोन चिमण्यांमध्ये २५ किलोमीटर म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला मधल्या रेषेपर्यंत साडेबारा. म्हणजे सरकारनं एका कारखान्याला जे संरक्षण दिलं, ते हिशेबानं साडेबारा किलोमीटरच्या आतल्या उसासाठी आहे. तेवढा ऊस पुरेल, शेजारी कुणी येऊन पळवणार नाही, म्हणून कारखाना टिकेल, कामगार टिकेल, बँकेचं कर्ज फिटेल, असा त्यामागचा विचार. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. रंगराजन समितीनं २०१२ मध्ये ही अंतराची अट काढूनच टाका असं सुचवलं होतं, ते मला अजूनही पटत नाही. ज्या तालुक्यात पाणी बेभरवशाचं, तिथं चार चिमण्या उभ्या राहिल्या की दुष्काळाच्या एका वर्षात त्यातल्या दोन भंगारात जातात आणि शेतकऱ्याची बिलं त्यांच्याबरोबर बुडतात.

माझं म्हणणं पुढचं आहे. ६-अ नव्या कारखान्याला अडवतं. जुन्याच्या विस्ताराला अडवत नाही. कारखाना रोजच्या २,५०० टन गाळपावरून ५,००० टनांवर गेला, ५,००० वरून १०,००० वर गेला, तरी कुणी कंपास काढत नाही. रोज ५,००० टन आणि हंगाम दीडशे दिवसांचा धरला तर साडेसात लाख टन ऊस लागतो. हेक्टरी ८० टन पकडले तरी नऊ हजार हेक्टरांहून जास्त उभा ऊस. साडेबारा किलोमीटरच्या आत एवढा ऊस कृष्णाकाठीही दरवर्षी मिळेल असं नाही. मधे ज्वारी आहे, सोयाबीन आहे, द्राक्षाच्या बागा आहेत, गावठाणं आहेत. मग वाहनं निघतात साठ-सत्तर किलोमीटरवर, आणि शेजारच्याची वाहनं येतात आमच्या वेशीपर्यंत. रात्री राज्यमार्गावर ऊस भरलेल्या दोन ट्रॅक्टरगाड्या एकमेकींना ओलांडून उलट दिशांना जाताना मी किती वेळा पाहिल्या असतील. दोन्ही गाड्यांचं डिझेल शेतकऱ्याच्या बिलातलं.

म्हणजे नव्याला अडवायचं असतं तेव्हा अंतर हवाई असतं, फुटपट्टीनं मोजलेलं, केंद्र सरकारच्या दाखल्याचं. आणि माझ्या बिलातून पैसे कापायचे असतात तेव्हा अंतर नसतंच, सरासरी असते.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी मी एकतीस वर्षं रोज पाहिली आणि जी शेतकऱ्याला बहुधा ठाऊक नसते. वाहतूकदाराला कारखाना सरासरीनं पैसे देत नाही. त्याचं बिल किलोमीटरवर निघतं. प्रत्येक गावाचं, काही ठिकाणी वस्तीचंसुद्धा, गेटपासूनचं रस्त्याचं अंतर शेतकी विभागाच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. चिटबॉय फडात चिठ्ठी फाडतो, त्यावर गट नंबर, गाव कोड, वाहन नंबर, टोळी नंबर. वाहन काट्यावर येतं, कोड टाकला की अंतर आपोआप येतं आणि पंधरवड्याला वाहतूकदाराचं बिल टप्प्याच्या दरानं पडतं. अंतरावरून वाहतूकदार भांडायला येतात. ‘पूल झाल्यापासून तो रस्ता बंद आहे, वळसा धरा,’ म्हणून एकदा एक गाडीवान माझ्या टेबलावर गावाच्या नकाशाची झेरॉक्स पसरून बसला होता. दीड किलोमीटर वाढवून घेऊनच उठला. त्यानं बरोबर केलं.

तर माझ्या साडेपाच किलोमीटरचे वाहतूकदाराला किती दिले आणि बासष्टवाल्याला किती, हे कारखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये खेपेगणिक आहे. नवीन काही मोजायचं नाही, नवीन मशीन घ्यायचं नाही. फक्त ते माझ्या पट्टीवर छापलं जात नाही.

हे लिहिताना मला माझी थोरली बहीण आठवते. ती दिली दुष्काळी पट्ट्यात, घाटाच्या वर. तिच्याकडे योजनेचं पाणी उशिरा आलं आणि आता दोन एकर ऊस आहे. जवळचा कारखाना पंचेचाळीस किलोमीटर. अंतरानुसार कपात करा म्हटलं की पहिला फटका तिला. भाऊबीजेला गेलो होतो तेव्हा मी हा विषय काढला आणि ती म्हणाली, ‘तुझं बिल वाढावं म्हणून माझं कमी व्हायचं व्हय?’ उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत एसटीत विचार करत होतो.

सरासरी मुळात आली कुठून? १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याचं पहिलं गाळप सुरू झालं, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ त्यामागे होते, आणि मग ती पद्धत राज्यभर पसरली. उत्तर प्रदेशात बरेच शेतकरी आपला ऊस स्वतः तोडून गेटवर नाहीतर केंद्रावर आणून घालतात. आपल्याकडे तोडणी आणि वाहतूक कारखान्यानं अंगावर घेतली. त्यात लांबच्या सभासदाचा खर्च जवळच्यानं थोडा उचलायचा, हा सहकारच होता. नदीकाठच्या सधन माणसानं माळावरच्याला ओढून न्यायचं. माझ्या वडिलांनी तो भार उचलला, कुरकुर केली नाही, कारण माळावरचा माणूस त्याच सभेला येऊन त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसायचा. तोही सभासद, हेही सभासद.

तेव्हा बहिणीला द्यायचं उत्तर मला एसटीत सापडलं ते असं : तू ज्या कारखान्याची सभासद आहेस, त्यानं तुझी पंचेचाळीस किलोमीटरची वाहतूक सभासदांच्या सरासरीत घालावी. घालायलाच हवी. पण उपविधीच्या हिरव्या रंगाबाहेरचा, सभासद नसलेल्याचा ऊस, ज्याला आम्ही ऑफिसात गेटकेन म्हणतो, तो कारखान्यानं आपली क्षमता भरावी म्हणून, आपला को-जन (चिपाडावरची वीजनिर्मिती) आणि डिस्टिलरी चालावी म्हणून आणलेला आहे. त्याचा जादा वाहतूक खर्च हा कारखान्याच्या धंद्याचा खर्च. तो सभासदाच्या तोडणी-वाहतुकीत मिसळायचा नाही. नफा झाला तर तो धंद्याचा आणि डिझेल तेवढं सभासदाचं, असं कसं?

आकड्यात सांगतो. समजा सहा लाख टन गाळप झालं. चार लाख टन कार्यक्षेत्रातलं, तोडणी-वाहतूक टनाला ७५०. दोन लाख टन बाहेरचं, टनाला १,०५०. सगळं एकत्र केलं की सरासरी ८५०. म्हणजे कार्यक्षेत्रातल्या सभासदाच्या टनामागे शंभर रुपये जास्त गेले, चार लाख टनांवर चार कोटी. माझ्यासारख्या अडीच एकरवाल्याचा आडसालीचा, म्हणजे दीड वर्षाच्या लागणीचा ऊस १३० टन धरला तर तेरा हजार. तेरा हजारांत एका लागणीचं बियाणं येतं.

शिवाय उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेची टक्केवारी. बाहेरचा ऊस येतो लांबून, कधी तोडल्यावर दोन-दोन दिवसांनी. वाळतो, साखर उतरते. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, संपूर्ण कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. टनात मोजलं तर ०.१ टक्का म्हणजे ३४ रुपये ६० पैसे. शिळ्या उसानं कारखान्याचा उतारा पाव टक्का खाली ओढला तर माझे टनाला शहाऐंशी रुपये गेले, आणि ते कपातीच्या कुठल्याच ओळीत दिसत नाहीत.

तोडणी मजुरांबद्दल एक शब्द, गैरसमज नको म्हणून. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती फार आधी व्हायला हवी होती. पहाटे चारला थंडीत कोयता घेऊन पाचटात शिरणाऱ्या बाईला काय मिळतं हे मी चिटबॉय असताना पाहिलंय. या पत्रातली एकही ओळ त्यांच्या मजुरीविरुद्ध नाही.

तिसरी हद्द करारातली. ऊस नोंदीचा फॉर्म असतो, पुढच्या बाजूला गट नंबर, क्षेत्र, लागणीची तारीख, जात. मागच्या बाजूला बारीक अक्षरात करार. एकतीस वर्षांत तो मागचा मजकूर वाचणारे शेतकरी मला सातच आठवतात, त्यातले दोन शिक्षक. त्या मजकुरात एक वाक्य असतं, की बिल कारखान्याच्या सोयीनं हप्त्यानं घ्यायला माझी संमती आहे. हे वाक्य उगाच नाही. १९६६ च्या आदेशानुसार ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. पण त्याच कलमात एक फट आहे : उलट असा लेखी करार दोघांत नसेल तर. म्हणजे चौदा दिवसांचा कायदा मोडायला कायदाच मोडायला हवा असं नाही, फॉर्मची मागची बाजू पुरते.

आणि त्या करारात काय नसतं? माझा ऊस कुठवर माझा, ते नसतं. एफआरपी हा गेटवर पोच उसाचा दर. तोडणी टोळी कारखान्यानं ठरवलेली, वाहन कारखान्यानं लावलेलं, कुठल्या दिवशी तोडायचं ते कारखान्याच्या पाळीपत्रकावर. फडातून मोळी उचलल्यापासून तिच्यावर माझा काडीचा ताबा नाही. पण काट्यावर वजन होईपर्यंत जोखीम माझी. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या शेजाऱ्याच्या फडातली दुडी, म्हणजे दोन ट्रॉल्यांची खेप, उतारावर उलटली. मध्यरात्र होती. ऊस चारीत, रस्त्यावर, कुणाच्या हरभऱ्यात. सकाळी जनावरांसाठी वाडं गोळा करायला आलेल्यांनी मोळ्याही नेल्या. तिसऱ्या दिवशी जे उरलं ते भरून काट्यावर गेलं. वजन आलं नऊ टन. निघाला होता वीसच्या आसपास. कारखाना म्हणाला, आम्ही काट्यावरचं वजन धरतो. वाहतूकदार म्हणाला, माझा करार कारखान्याशी आहे, तुमच्याशी नाही. दोघांचंही कागदावर बरोबर. शेजारी मला म्हणाला, ‘नाना, मग माझा करार कुणाशी?’ मी त्याला मागची बाजू वाचून दाखवली.

चौथी हद्द पैशाची. कारखान्याला बँक कर्ज देते ते गोदामातल्या साखरेच्या मालतारणावर आणि हंगामापूर्वी कार्यक्षेत्रातल्या नोंदलेल्या उसाच्या भरवशावर. तिथं मी म्हणजे कारखान्याचा हक्काचा ऊस. मला सोसायटीतून पीककर्ज मिळतं आणि त्याची वसुली ऊस बिलातून परस्पर होते. चांगली सोय आहे, नाकारत नाही. पण झोनबंदी, म्हणजे ठरवून दिलेल्या कारखान्यालाच ऊस घालायची सक्ती, नव्वदच्या दशकातच उठली आहे. कायद्यानं मी माझा ऊस कुठंही घालू शकतो. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं ज्यासाठी आवाज उठवला ते हेच. प्रत्यक्षात एका वर्षी पाळी लांबली, उसाला तुरे आले म्हणून मी एक एकर ऊस शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्याला घातला, तर आठ दिवसांत सोसायटीचे सचिव दारात. तुमच्या कर्जाची कपात आता कोण पाठवणार, म्हणे. मी रोख भरले. पुढच्या वर्षी माझ्या फडाला तोड आली ती मार्चअखेर. योगायोग असेल.

तुमच्याकडून दरवर्षी जो गाळप परवाना निघतो तो १९८४ च्या आदेशाखाली. त्या आदेशाच्या नावात अजून ‘क्षेत्र आरक्षण’ आहे. आरक्षण गेलं, नाव राहिलं, परवाना राहिला. उत्तर प्रदेशात ऊस आयुक्त कारखान्याला क्षेत्र राखून देतात. तिथं गाव कारखान्याला बांधलेलं, तसा कारखानाही गावाच्या उसाला बांधलेला. आम्हाला ती झोनबंदी परत नको आहे, नाक्यांवर ट्रॉल्या अडवलेल्या आमच्या पिढीनं बघितल्या आहेत. पण हद्दीचं ओझं एकाच खांद्यावर, हेही नको.

खासगी कारखान्याचं तर आणखी सोपं. त्याला उपविधी नाहीत, सभासद नाहीत, हिरवा रंग नाही. २५ किलोमीटरचं कवच मात्र त्यालाही तेवढंच. कवच घेतलंत तर आतल्या उसाची जबाबदारी कुठली, हे कुठंच लिहिलेलं नाही. आजारी सहकारी कारखाने विकले गेले, भाड्यानं दिले गेले, तेव्हा जुन्या सभासदांचं कार्यक्षेत्र त्यांच्याबरोबर कुठं गेलं, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही.

आणि आमच्या भागात एक पाचवी हद्दही आहे, राज्याची. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या सरकारनं ऊस परराज्यात न्यायला बंदी घातली आणि ओरड झाल्यावर त्याच महिन्यात मागे घेतली. बरं झालं. सीमेवरच्या शेतकऱ्याला पलीकडचा कारखाना दहा किलोमीटरवर आणि अलीकडचा तीसवर असतो, त्यानं काय करायचं? गंमत अशी की हीच सीमा ओलांडून कार्यक्षेत्रात पलीकडची काही गावं घातली की संस्था बहुराज्य होते. मग बहुराज्य सहकारी संस्थांचा २००२ चा कायदा, केंद्रीय निबंधक, दिल्ली. शेतकऱ्याला सीमा ओलांडायची बंदी झाली होती, संस्थेनं ओलांडली की नवा कायदा. सभासदाची तक्रार पुण्याला यायची ती दिल्लीला जाते. आमच्या गावातून दिल्लीला तक्रार करणारा माणूस मला माहीत नाही.

साहेब, मी कायदा बदला म्हणत नाही, तो तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात गाळप परवाना आहे, त्याच्या अटी आहेत, आणि तोडणी-वाहतूक खर्चाची तपासणी आहे. त्यात एवढं करा : कारखान्यानं खर्चाचा ताळा देताना कार्यक्षेत्रातला ऊस आणि बाहेरचा ऊस, दोन रकाने वेगळे मांडायचे, आणि सभासदाच्या बिलात पहिल्याच रकान्याची सरासरी कापायची. खासगी कारखान्यासाठी हिरवा रंग नाही, तर २५ किलोमीटरची रेष आहेच. जी रेष संरक्षणाला चालते ती हिशेबाला चालायला हरकत नसावी. ही रेष अगदी न्याय्य आहे असं नाही, माझ्या बहिणीसारखे काही तिच्या बाहेर पडतील, त्यांच्यासाठी जादा खर्च कारखान्यानं सोसायचा, त्यांच्या अंगावर टाकायचा नाही, हेही परवान्यातच लिहा. पट्टीवर गेटपासूनचं रस्त्याचं अंतर छापा. आणि नोंदीच्या फॉर्मच्या मागची बाजू पुढे आणा. चौदा दिवस सोडायला संमती हवी असेल तर त्या एका ओळीखाली वेगळी सही घ्या, म्हणजे सही करणाऱ्याला आपण काय सोडतोय ते कळेल.

कारखानदार म्हणतील, असं केलं तर गेटकेन परवडणार नाही, क्षमता रिकामी राहील. राहू दे की. विस्तार करताना उसाचा हिशेब कुणी केला होता? आणि खरंच परवडत नसेल, तर आजवर तो कुणाला परवडत होता हेही त्यातून कळेल.

यंदाची आडसाली लागण मी जुलैत केली. नोंद द्यायला गट ऑफिसात गेलो. खिडकीत जो मुलगा बसतो त्याला मीच शिकवलंय, चिठ्ठी कशी फाडायची इथपासून. फॉर्म उलटा केला, हप्त्याच्या संमतीच्या ओळीवर पेनानं काट मारली आणि खाली लिहिलं : ‘वाहतूक कपात ५.५ कि.मी. प्रमाणे. जोखीम फडातून माल उचलेपर्यंत.’ सही केली. पोरानं फॉर्म पुढून बघितला, मागून बघितला, कॉम्प्युटरकडे बघितलं.

‘नाना, ह्याला कॉलमच नाही.’

फॉर्म मात्र ठेवून घेतला त्यानं. पोच अजून दिलेली नाही.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद

सोबत : ऊस बिलाची पट्टी (नाव व सभासद क्रमांक झाकून), नोंद फॉर्मची दोन्ही बाजूंची झेरॉक्स.